गृहीतके तपासणारी संस्था : 'नारी'ची तीन दशके

१९९२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली, तेव्हा सर्वसामान्य रुग्णाच्या हातात ठेवता येईल असे एकही परिणामकारक औषध देशात नव्हते. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत एचआयव्हीची लागण प्रथम दाखवून दिली ती १९८६ मध्ये. त्याला सहा वर्षे उलटली होती. त्याच १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, उभी राहिली आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने पहिला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कार्यक्रम आणि त्याला लागणारे संशोधन यांची सुरुवात एकाच वर्षी व्हावी, हे आपल्याकडे क्वचित घडते. एरवी योजना आधी येते, तिचे पैसे खर्च होतात आणि ती लोकांच्या उपयोगी पडली की नाही हे पाहणारा अभ्यास दहा वर्षांनी, बहुधा कोणीतरी ओरड केल्यावर, हाती घेतला जातो. 'नारी' या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भोसरीच्या संस्थेचा इतिहास मांडताना माझे म्हणणे एवढेच आहे, की तिच्या कामाची किंमत तिने काय शोधून काढले यावर ठरवू नये. कार्यक्रम ज्या समजुतींवर चालला होता त्या तिने मोजमापाला लावल्या, आणि त्यांतल्या काही टिकल्या नाहीत. कोणाला धोका आहे, लागण कुठून कुठे जाते, औषध कधी सुरू करावे, देशात रुग्ण किती, या चारही प्रश्नांची १९९२ मधली उत्तरे आज कोणी देत नाही. ती बदलण्याच्या कामात भोसरीचा वाटा होता.

पहिली समजूत अशी, की रोगाचा फैलाव रक्ततपासणीच्या टक्केवारीवरून कळतो. इतक्या जणांचे रक्त तपासले, त्यांतल्या इतक्यांत लागण सापडली, एवढेच ती टक्केवारी सांगते. लागण या वर्षीची की सात वर्षांपूर्वीची, हे तिच्यातून उमगत नाही. आणि प्रतिबंधाचे काम करणाऱ्याला तर नेमके तेच हवे असते. १९९३ पासून 'नारी'ने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत जो अभ्यास चालवला, त्याची रचना साधी पण चिवट होती. जननेंद्रियावरची जखम किंवा स्रावाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची त्याच्या संमतीने एचआयव्ही तपासणी करायची. तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन करायचे, निरोध द्यायचे, गुप्तरोगावर उपचार करायचे. लागण नसेल तर ठरावीक काळाने पुन्हा बोलवायचे, आणि तो आला की हे सगळे पहिल्यापासून पुन्हा करायचे. ज्या दवाखान्यात माणूस तोंड लपवून येतो आणि खोटा पत्ता देतो, तिथे त्याला पुन्हा यायला लावणे हे या अभ्यासातले खरे अवघड काम होते. डॉ. संजय मेहेंदळे आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, सुरुवातीला लागण नसलेल्या या लोकांपैकी वर्षाकाठी शंभरामागे सुमारे दहाजणांना नव्याने लागण होत होती. वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरामागे २६ च्या आसपास होते. ज्यांना जननेंद्रियाच्या जखमा पुन्हा पुन्हा होत, त्यांचा धोका कितीतरी पटींनी जास्त होता.

या आकड्यांतून कार्यक्रमाला एक सरळ धडा मिळाला: गुप्तरोगाचा दवाखाना ही एचआयव्ही रोखण्याची जागा आहे. पुढे 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने देशभर जी केंद्रे उभी राहिली त्यांच्यामागचा विचार हाच. पण येथे घाई करू नये. जखम असली की लागण लवकर होते, हे खरे असले तरी जखमेवर उपचार केल्याने समाजातील एचआयव्ही कमी होतो, हे त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. टांझानियातील मवांझा येथे १९९५ मध्ये गुप्तरोगांचा उपचार सुधारल्यावर नवी लागण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्याचे दिसले. युगांडातील राकाई येथे १९९९ मध्ये तशाच हेतूने केलेल्या प्रयोगात काहीच फरक पडला नाही. दोन्ही प्रयोग नेटके होते. साथ कोणत्या टप्प्यावर आहे आणि उपचार सतत मिळतो की एखाद्या मोहिमेपुरता, यावर उत्तर बदलते, असा त्याचा अर्थ लावला गेला. तेव्हा पुण्याच्या अभ्यासाने गुप्तरोग दवाखान्याचे महत्त्व सांगितले ते रोगी गाठण्याची जागा म्हणून; त्यावर यापेक्षा मोठा दावा लादणे त्या अभ्यासावर अन्याय करणारे ठरेल.

दुसरी समजूत अधिक खोल रुजलेली होती आणि तिला नैतिकतेचा वास होता. एड्स हा 'तसल्या' लोकांचा रोग, असे समाज म्हणत होताच. कार्यक्रमही आपल्या सभ्य परिभाषेत 'अतिजोखमीचे गट' म्हणत जवळपास तेच बोलत होता. १९९७ मध्ये डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा जो निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला, त्याने या समजुतीला तडा दिला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची त्यात नोंद होती. त्यांपैकी ५२५ वेश्याव्यवसायात होत्या आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या, म्हणजे ४९.९ टक्के, एचआयव्हीबाधित होत्या. हे धक्कादायक असले तरी अनपेक्षित नव्हते. उरलेल्या ३९१ जणी वेश्याव्यवसायात नव्हत्या. त्यांच्यापैकी बहुतेकींचा संबंध नवऱ्याखेरीज कोणाशीच आलेला नव्हता. त्यांच्यात लागणीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले, आणि धोक्याचे सर्वांत ठळक कारण म्हणून जे पुढे आले ते त्यांच्या स्वतःच्या वर्तनात नव्हतेच. जोडीदाराला गुप्तरोग असणे, हे ते कारण होते. 'एकनिष्ठ राहा' हा त्या काळच्या भित्तिपत्रकांवरचा सल्ला या स्त्रियांनी तंतोतंत पाळला होता आणि तरीही त्या आजारी पडल्या होत्या.

या निबंधावर एक वाजवी आक्षेप घेता येतो. गुप्तरोग दवाखान्यात आलेली स्त्री म्हणजे सर्वसामान्य गृहिणी नव्हे; तिच्या घरात आधीच काहीतरी बिघडले आहे म्हणूनच ती तेथे आली. त्यामुळे १३.६ हा आकडा पुण्यातील सगळ्या विवाहित स्त्रियांना लावणे चुकीचे आहे. ते बरोबरच आहे, आणि त्या काळी काही वार्तापत्रांनी तो तसा लावला हे दुर्दैव. पण निबंधाचे बळ त्या टक्केवारीत नव्हते. लागण कोणत्या वाटेने घरात येते हे त्याने दाखवले, आणि वाट दाखवायला निवडक नमुनाही पुरतो. नवरा बाहेरून लागण आणतो, बायकोला त्याचा पत्ता नसतो आणि ती गरोदर राहिली तर तिच्यामागून बाळही त्या वाटेवर येते, एवढे कळल्यावर कार्यक्रमाला गरोदर स्त्रियांच्या तपासणीकडे पाहण्याची निकड वेगळ्या रीतीने पटली. आईकडून बाळाकडे होणारी लागण रोखण्याचे काम देशात २००० नंतर वाढले त्याला इतरही कारणे होती. थायलंड आणि युगांडातील प्रयोगांनी औषधांचा उपयोग सिद्ध केला होता, हे तर उघडच आहे. पण 'आपल्याकडच्या घरंदाज बायकांना कशाला हव्यात या तपासण्या' हा दवाखान्यादवाखान्यांतून ऐकू येणारा प्रश्न निकाली काढायला पुण्याचाच पुरावा लागला.

त्याच दवाखान्यांतील पाहणी पुढेही चालू राहिली आणि २००७ मध्ये तिचा एक निष्कर्ष आला, ज्याची म्हणावी तेवढी चर्चा झाली नाही. वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये आणि पुरुष रुग्णांमध्ये नव्या लागणीचे प्रमाण वर्षागणिक चांगलेच घटले होते. इतर स्त्रियांमध्ये मात्र ते घटले नव्हते. समुपदेशन, निरोध, वस्तीत जाऊन बोलणाऱ्या सहकारी कार्यकर्त्या, या सगळ्यांचा उपयोग ज्यांच्यापर्यंत ते पोहोचले त्यांना झाला; ज्या स्त्रीला नवऱ्याला निरोध वापर म्हणणेच शक्य नाही, तिला त्यातले काहीच लागू पडले नाही. संशोधनाने कार्यक्रम सुधारतो असे आपण म्हणतो तेव्हा यशाचा पुरावा देणारे संशोधन डोळ्यांपुढे असते. मला स्वतःला हा अर्धा अपयशाचा आकडा अधिक मोलाचा वाटतो. यशाच्या सरासरीत तो बुडून गेला असता. गट वेगळे करून मोजले म्हणून दिसला.

स्त्रीच्या हातात राहील असे साधन शोधायचे, ही दिशा त्यातूनच बळकट झाली. योनिमार्गात वापरायच्या जेल आणि गोळ्या, ज्यांना मायक्रोबिसाइड म्हणतात, त्यांच्या सुरक्षिततेच्या चाचण्या पुण्यात झाल्या. त्यांत डॉ. जी. पी. तलवार यांच्या पुढाकाराने तयार झालेली 'प्रनीम' ही वनस्पतिजन्य गोळी होती, 'प्रो २०००' हे जेल होते आणि टेनोफोव्हिर या औषधाचे जेलही होते. टेनोफोव्हिर जेलची जी चाचणी पुण्याबरोबर अमेरिकेतील दोन ठिकाणी झाली, तिने ते जेल सुरक्षित असल्याचे सांगितले. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या चाचणीत त्याच जेलने लागण ३९ टक्क्यांनी कमी केल्याचे दिसले आणि सगळ्यांच्या आशा उंचावल्या. नंतरच्या दोन मोठ्या चाचण्यांत ते टिकले नाही, मुख्यतः कारण बायकांना ते नियमित वापरणे जमले नाही. सासू, जाऊ आणि मुले असलेल्या एका खोलीत असे साधन कुठे ठेवायचे, कधी वापरायचे, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नव्हता. ही मालिका फसली, हे मान्य करावे लागते. तिच्यावर खर्च केलेला पैसा वाया गेला का, या प्रश्नाकडे पुढे यायचे आहे.

त्याआधी या संस्थेवर सातत्याने झालेला आरोप घेऊ. पैसा परदेशी, प्रश्न परदेशी, आणि सुई टोचायला शरीरे मात्र आपल्या गरिबांची, असे तो थोडक्यात सांगता येईल. तो निराधार आहे असे म्हणून चालणार नाही. १९९३ च्या अभ्यासात परदेशी भागीदारांना रस असण्याचे एक मोठे कारण हे होते, की पुढेमागे लस निघाली तर ती तपासायला जेथे नवी लागण भरपूर होते असे गट हाताशी हवे होते. शंभरामागे दहा हा आपल्या दृष्टीने दुःखाचा आकडा लसचाचणीच्या गणितात सोयीचा ठरतो, हे कटू सत्य आहे. शिवाय त्या काळात ज्यांना अभ्यासादरम्यान लागण झाली, त्यांना देण्यासारखे औषध नव्हते. सिप्लाने तीन औषधांचे मिश्रण वर्षाला साडेतीनशे डॉलरांत देऊ केले ते २००१ मध्ये, आणि सरकारी कार्यक्रमातून मोफत एआरटी, म्हणजे विषाणुरोधक औषधोपचार, सुरू झाली ती १ एप्रिल २००४ ला.

तरीही आरोपाचा निकाल लावताना हेतूपेक्षा परिणाम पाहावा असे मला वाटते. लसीसाठी जमवलेल्या गटांतूनच विवाहित स्त्रियांविषयीचा तो निबंध निघाला, आणि तो लिहिणारे इथलेच डॉक्टर होते. प्रश्न परदेशातून आला तरी त्या प्रश्नाच्या निमित्ताने गोळा झालेल्या माहितीतून आपला प्रश्न उचलायचे भान इथे असेल, तर भागीदारी एकतर्फी राहत नाही. ते भान नसेल तर ती राहते, आणि तशी उदाहरणे आपल्याकडच्या इतर औषधचाचण्यांत सापडतात. 'नारी'च्या बाजूने एवढे नक्की म्हणता येईल, की संमती म्हणजे फॉर्मवरचा अंगठा नव्हे, हे तिथे गांभीर्याने घेतले गेले. फॉर्म मराठीत वाचून दाखवणे, समजले का हे प्रश्न विचारून पाहणे, घरी जाऊन विचार करायला वेळ देणे, आणि समाजातील लोकांचे सल्लागार मंडळ नेमून चाचणीचा आराखडा त्यांच्यापुढे ठेवणे, या गोष्टी आज नियमाचा भाग आहेत. नव्वदच्या दशकात त्या आपल्या सार्वजनिक रुग्णालयांना अनोळखी होत्या.

भारतातील पहिली एड्स लसचाचणी पुण्यात ७ फेब्रुवारी २००५ रोजी सुरू झाली. आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रम, नॅको आणि वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त प्रयत्न होता. एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर भारतात आढळणाऱ्या 'सी' उपप्रकाराच्या एचआयव्हीची काही जनुके बसवून ती लस केलेली होती. तीस निरोगी स्वयंसेवकांनी ती टोचून घेतली. लस सुरक्षित निघाली, पण शरीरात अपेक्षित प्रतिकारशक्ती काही निर्माण झाली नाही. नंतर चेन्नईत दुसऱ्या लसीची आणि मग दोन्ही शहरांत मिळून दोन लसी एकापाठोपाठ देऊन चाचणी झाली. आजही जगात एड्सवर मंजूर झालेली लस नाही. अशा वेळी 'निदान क्षमता तरी निर्माण झाली' असे म्हणण्याची पद्धत आहे. हे उत्तर मला नेहमी संशयास्पद वाटते, कारण प्रत्येक फसलेल्या प्रकल्पाच्या अहवालात ते असतेच. क्षमता निर्माण झाली की नाही हे तपासायची एकच रीत आहे: ती पुढे कुठे वापरली गेली ते पाहायचे. जेल आणि लशी यांच्या चाचण्यांत जी माणसे आणि ज्या पद्धती तयार झाल्या, त्या एका निर्णायक चाचणीच्या कामी आल्या. म्हणून या एका प्रकरणात तरी ते उत्तर मी स्वीकारतो.

ती चाचणी म्हणजे एचपीटीएन ०५२. डॉ. मायरन कोहेन यांच्या नेतृत्वाखाली नऊ देशांतील तेरा केंद्रांवर ती झाली, आणि पुणे व चेन्नई त्यांत होते. एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही अशी १,७६३ जोडपी त्यात सहभागी होती. बाधित जोडीदाराची सीडी४ संख्या, म्हणजे रक्तातील प्रतिकारपेशींची मोजदाद, ३५० ते ५५० च्या दरम्यान होती. म्हणजे तो आजारी नव्हता आणि त्या वेळच्या नियमांनी त्याला औषध मिळाले नसते. निम्म्यांना औषध लगेच सुरू केले. उरलेल्यांना सीडी४ संख्या २५० पर्यंत खाली आल्यावर किंवा आजाराची लक्षणे दिसल्यावर. सर्व जोडप्यांना समुपदेशन आणि निरोध दिले जात होते. मे २०११ मध्ये स्वतंत्र देखरेख मंडळाने आकडे पाहिले आणि निष्कर्ष ताबडतोब जाहीर करायला सांगितले. एकूण ३९ जोडीदारांना नवी लागण झालेली होती. ती जोडीदाराकडूनच झाली का, हे केवळ बोलण्यावर सोडले नव्हते. दोघांच्या शरीरातील विषाणूंची जनुकीय जुळणी करून पाहिली होती. २८ जणांत विषाणू जुळला. त्या २८ पैकी २७ जण उशिरा औषध मिळालेल्या गटातले निघाले, एक लवकर मिळालेल्या गटातला. धोका ९६ टक्क्यांनी कमी. उपचार आणि प्रतिबंध ही दोन वेगळी खाती, दोन वेगळी अंदाजपत्रके आणि दोन वेगळ्या फायली असण्याचे शास्त्रीय कारण त्या दिवशी संपले.

प्रशासकीय कारण मात्र उरले. भारतात २००४ मध्ये औषध सुरू करण्याची सीडी४ मर्यादा २०० होती. ती पुढे ३५० झाली, मग ५००, आणि 'तपासणीत लागण दिसली की औषध' हे धोरण एप्रिल २०१७ मध्ये आले. म्हणजे ज्या चाचणीत पुणेकर जोडप्यांनी भाग घेतला, तिच्या निष्कर्षाचा पूर्ण लाभ इतर पुणेकरांना मिळायला सहा वर्षे गेली. संशोधनाने कार्यक्रम सुधारतो या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे: माहिती असून उपयोग काय? सरकारच्या बाजूने काही बोलता येते. २०११ मध्ये अनेक एआरटी केंद्रांवर अति आजारी रुग्णांचीच गर्दी आवरत नव्हती; त्यांना मागे ठेवून धडधाकट माणसाला गोळ्या देणे न्याय्य ठरले नसते. लवकर औषध घेतल्याने स्वतः रुग्णाला किती लाभ होतो याचे ठाम उत्तरही २०१५ मध्ये 'स्टार्ट' चाचणीने दिले, तोवर वाद होता. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांना औषध देण्याची शिफारस त्याच वर्षी केली. हे सगळे धरले तरी २०१५ ते २०१७ मधल्या दोन वर्षांचे समर्थन अवघड आहे, आणि २०११ नंतर निदान बाधित-अबाधित जोडप्यांपुरता तरी निर्णय आधी आणि सर्वत्र अंमलात यायला हवा होता, असे माझे मत आहे. पण या विलंबातून संशोधन निरुपयोगी ठरत नाही. मागणी कशाची करायची हे रुग्णांच्या संघटनांना त्या निष्कर्षामुळेच ठाऊक होते.

चाचण्यांना नाव मिळते. संस्थेचा जो विभाग रोज कार्यक्रमाला धरून ठेवतो त्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात तंत्रज्ञ तपासणी करतो आणि एका माणसाचे आयुष्य त्या पट्टीवरच्या रेषेवर ठरते. ती रेषा बरोबर आहे हे कोणी तपासायचे? त्यासाठी गुणवत्ता परीक्षणाची साखळी आहे आणि 'नारी' तिच्या शिखरावर आहे. कोणत्या कुपीत लागण असलेला सीरम आहे आणि कोणत्या कुपीत नाही, हे फक्त पाठवणाऱ्याला माहीत असलेल्या सांकेतिक क्रमांकांच्या कुप्या थंड पेटीतून खालच्या प्रयोगशाळांना जातात. त्यांनी आपल्या नेहमीच्या किटवर, नेहमीच्या तंत्रज्ञाकडून त्या तपासायच्या आणि उत्तर कळवायचे. चुकले तर किट खराब होते, साठवण चुकली, की नमुन्यांची अदलाबदल झाली, याचा माग काढला जातो. सीडी४ मोजणाऱ्या यंत्रांचीही अशीच परीक्षा घेतली जाते, कारण औषध सुरू करायचे की थांबायचे हे ज्या काळी त्या एका आकड्यावर ठरत होते, त्या काळी यंत्र तीस-चाळीसने चुकले तरी माणूस रांगेबाहेर पडत असे. बाधित आईच्या बाळाचे निदान हे याच कामाचे दुसरे अंग. बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे साधी तपासणी निरुपयोगी; विषाणूच शोधावा लागतो. टाचेला टोचून काढलेले रक्ताचे थेंब गाळणकागदाच्या कार्डावर वाळवायचे आणि ते कार्ड पाकिटात घालून मोठ्या प्रयोगशाळेला पाठवायचे, ही पद्धत कार्यक्रमात आली आणि दूरच्या गावातल्या बाळाला पुण्यापर्यंत आणायची गरज उरली नाही. यात शोध काहीच नाही. पण हे थांबले तर शोधांवर आधारलेला सगळा डोलारा चुकीच्या रेषांवर उभा राहील.

देशात रुग्ण किती, हा सुरुवातीच्या चारांपैकी चौथा प्रश्न. २००६ पर्यंत आपण ५२ लाख म्हणत होतो, संयुक्त राष्ट्रांची एड्स संघटना ५७ लाख म्हणत होती. २००७ मध्ये सुधारित अंदाज आला: सुमारे २५ लाख. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले आणि लागणीचे प्रमाण ०.२८ टक्के निघाले. शिवाय पाळत ठेवणाऱ्या केंद्रांची संख्या वाढली होती. पश्चिम भारतातील या पाळतीवर देखरेख करणाऱ्या संस्थांत 'नारी' होती. निम्म्याने घटलेल्या आकड्यावर टीका झाली ती अशी, की आधी लोकांना घाबरवून पैसा जमवला. वस्तुतः जुना अंदाज सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगी यांच्यावरून काढलेला होता. हे दोन्ही गट साऱ्या समाजाचे प्रतिनिधी नव्हते. दुसरे काही हातात नव्हते तोवर तेच वापरले, चांगले मिळाल्यावर आकडा बदलला. स्वतःची संख्या जाहीरपणे निम्मी करणारा सरकारी कार्यक्रम विरळा, आणि ते मोजणाऱ्यांच्या श्रेयात जमा व्हायला हवे.

राहिला एक आक्षेप, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. साथ उतरली ती वस्त्यांतल्या कामामुळे, संशोधनामुळे नव्हे, असा तो आहे. कोलकात्यातील सोनागाछी वस्तीत तिथल्या कार्यकर्त्यांनी आणि सांगलीत 'संग्राम' या संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांना संघटित केले, तेव्हा त्यांनी कोणत्याही निबंधाची वाट पाहिली नव्हती. 'संग्राम'चे काम १९९२ सालचेच. बाईच्या हातात निरोधच नव्हे तर गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे बळही हवे, हे त्या कार्यकर्त्यांना आकडेवारीशिवाय उमगले होते. हे शंभर टक्के मान्य करूनही एक गोष्ट उरते. एका गल्लीत जमलेले काम सहा राज्यांत न्यायचे, तर ते सगळीकडे जमते आहे का हे कोणीतरी मोजावे लागते. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या पैशाने सुरू झालेला 'आवाहन' प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत गेला. त्याच्याबरोबर लागण आणि वर्तन या दोन्हींची पाहणी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थांनी केली आणि तिच्या संयोजनात 'नारी' पुढे होती. या आणि अशा माहितीच्या आधारे २०११ मध्ये झालेल्या एका विश्लेषणाने 'आवाहन'च्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे एक लाख संभाव्य लागणी टळल्याचा अंदाज मांडला. अंदाजच तो, आणि प्रतिरूपावर अवलंबून. पण पैसा देणारा हात आखडता घेऊ लागला, तेव्हा हे काम सरकारने पुढे चालवावे यासाठी कार्यकर्त्यांच्या हातात दाखवायला तेच होते.

कोविडच्या २०२० सालात संस्थेच्या प्रयोगशाळा त्या कामाला जुंपल्या गेल्या, डॉ. गंगाखेडकर वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने रोज देशापुढे बोलताना दिसले, आणि त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. अलीकडे संस्थेच्या नावात उपयोजित विषाणुशास्त्राची भर पडली आहे. विषाणू अनेक, एड्स त्यांतला एक, असा तो विस्तार आहे. त्यात तोटाही संभवतो: नव्या साथींच्या घाईत जुन्या साथीकडे पाहणारी माणसे कमी होतात. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. प्रौढांतील प्रमाण ०.२ टक्क्यांवर आले आहे, आणि २०१० च्या तुलनेत वर्षाकाठी होणाऱ्या नव्या लागणी २०२३ पर्यंत ४४ टक्क्यांनी घटल्या होत्या. मात्र मिझोराममध्ये प्रौढांतील प्रमाण अडीच टक्क्यांहून अधिक आहे आणि तेथे सुईवाटे नशा करणाऱ्या तरुणांचा साथीत मोठा वाटा आहे. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत तीस वर्षे जमवलेले ज्ञान त्यांना फारसे लागू नाही. निर्जंतुक सुया, अफूजन्य नशेला पर्यायी औषध, पोलिसांच्या भीतीने पळणाऱ्या मुलाला एआरटीवर टिकवणे, यांपैकी काय किती उपयोगी पडते, हे त्या डोंगराळ जिल्ह्यांतच, तिथल्याच मुलांना पुन्हा पुन्हा भेटून मोजावे लागेल.